कॉलेजचा मफलर: घेण्याआधी आणि घेतल्यावर

दरवर्षी ऑगस्टच्या अखेरीला ओळखीतल्या कोणाच्या तरी, ब्रिटनला शिकायला निघालेल्या लेकाचा नाहीतर लेकीचा फोन येतो. व्हिसा हातात आलेला असतो, कुकर आणि भाजणीच्या पिशव्यांनी बॅगेचं वजन कधीच हाताबाहेर गेलेलं असतं, आणि बोलता बोलता प्रश्न येतो, "ताई, तो पट्ट्यापट्ट्यांचा स्कार्फ असतो ना, तो इथूनच ऑनलाइन मागवून ठेवू का?" माझं उत्तर ठरलेलं आहे: मागवू नकोस. का, ते सांगायला मात्र अर्धा तास जातो. म्हणून एकदाच लिहून ठेवते आहे.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. पुण्यात स्कार्फ म्हटलं की दुचाकीवर डोळे सोडून सगळं तोंड झाकणारं सुती फडकं डोळ्यांसमोर येतं. तिकडे स्कार्फ म्हणतात तो आपला मफलर. लोकरीचा, साधारण सहा फूट लांब, वीतभर रुंद, आणि उभ्या रंगीत पट्ट्यांचा. मी पुढे मफलरच म्हणणार आहे.

हे प्रकरण आहे तरी काय

ब्रिटनमधल्या विद्यापीठांत हा मफलर म्हणजे गणवेश नव्हे. पदवीदानाचा गाऊन, पाठीवरचं हूड, चौकोनी टोपी या गोष्टींना नियम असतात आणि ते मोडले तर दारातून परत पाठवतात. मफलरला अधिकृत काम काहीच नाही. घातलाच पाहिजे असं कोणी म्हणत नाही, नाही घातला तर कोणी विचारत नाही. तरीही थंडी पडली की निम्मं गाव गळ्यात रंग घेऊन फिरताना दिसतं. गणपतीत ढोल पथकातल्या पोरांच्या गळ्यातलं उपरणं पाहून आपण लांबूनच पथक ओळखतो ना, तसंच.

हे रंग आले कुठून, तर बऱ्याच अंशी होड्यांमधून. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांची पहिली बोटशर्यत १८२९ साली हेन्लीला झाली. दुसरी १८३६ मध्ये लंडनला. त्या वेळी केंब्रिजच्या होडीच्या नाकाला फिकट निळी फीत बांधली होती आणि तो रंग केंब्रिजला कायमचा चिकटला. ऑक्सफर्डचा निळा गडद. (केंब्रिजचा 'निळा' प्रत्यक्षात पाहिलात तर तुम्ही त्याला पोपटाच्या पिसावर दूध सांडल्यासारखा हिरवट म्हणाल. तिथे म्हणू नका.)

कॉलेजाकॉलेजांतल्या शर्यतींना तर रंगांची खरीच गरज होती. केंब्रिजची कॅम नदी इतकी अरुंद आहे की दोन होड्या शेजारी-शेजारी पळवताच येत नाहीत. मग सगळ्या एकामागे एक उभ्या करायच्या, एकदम सोडायच्या आणि मागच्या होडीने पुढचीला जाऊन धडकायचं, हा तिथला खेळ. काठावरून सायकल हाणत ओरडणाऱ्यांना आपली होडी कोणती ते वल्ह्याच्या पात्यावरच्या रंगांवरून कळतं. सेंट जॉन्स कॉलेजचा नौकाक्लब १८२५ सालचा. त्याच्या वल्हेकऱ्यांचे कोट असे लालभडक की 'ब्लेझर' हा शब्दच त्यांच्यावरून आला असं सांगतात. म्हणजे आपल्या शाळांच्या गॅदरिंगमध्ये घामाघूम होऊन घातलेल्या ब्लेझरचं मूळही त्या नदीकाठीच. हे तेच सेंट जॉन्स, जिथून १८९९ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सीनियर रँग्लर झाले, म्हणजे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले.

पहिलं काम: आपण कोणाचे ते नीट पाहा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. आपल्याकडे विद्यापीठ एक आणि कॉलेज म्हणजे जिथे तास होतात ती इमारत. केंब्रिज, ऑक्सफर्ड, डरॅम इथे कॉलेज म्हणजे तुम्ही राहता, जेवता, ज्याचे म्हणवता ते घर. शिकवणारा विभाग वेगळा. केंब्रिजमध्ये अशी ३१ कॉलेजं आहेत, डरॅममध्ये १७, आणि प्रत्येकाचा मफलर निराळा. तेव्हा प्रवेशपत्र काढा आणि त्यावर कॉलेजचं नाव कोणतं आहे ते वाचा. 'माझा विभाग इंजिनिअरिंगचा' हे मफलरच्या दुकानात उपयोगाचं नाही.

बाकी बहुतेक शहरांत प्रकरण सोपं असतं, विद्यापीठाचा म्हणून एक मफलर मिळतो. लंडनमध्ये मात्र 'लंडन विद्यापीठ' या एका छत्राखाली पुष्कळ स्वतंत्र संस्था आहेत आणि जी ती आपले रंग लावते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे आजचे रंग जांभळा, काळा आणि सोनेरी. डॉ. आंबेडकरांनी १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. केली ती इथलीच, त्यामुळे आपल्याकडून गेलेली मुलं हा मफलर जरा जास्तच हौसेने घेतात. घ्यावाच.

आणखी एक वर्ग आहे, त्यापासून दूर राहा. ऑक्सफर्डविरुद्धच्या सामन्यात केंब्रिजकडून खेळलेल्या खेळाडूंना 'ब्लू' मिळतो. त्यांचा ब्लेझर, टाय, मफलर हे सगळं कमावलेलं असतं. छान दिसतो म्हणून तो गळ्यात घालणं म्हणजे रणजी न खेळता रणजीची टोपी घालून शिवाजी पार्कात फिरण्यासारखं आहे.

दुसरं काम: पट्टे वाचायला शिका

फूटबॉलच्या मफलरवर पट्टे आडवे असतात, विणलेले. विद्यापीठाच्या मफलरवर ते उभे, म्हणजे मफलरच्या लांबीने धावतात. एवढी एक खूण डोक्यात ठेवली असती तर माझे पैसे वाचले असते. मी निघण्याआधी एका साइटवरून 'अस्सल' म्हणून मागवला होता. आला तो आडव्या पट्ट्यांचा, वर कॉलेजचं चिन्ह छापलेलं, आणि हाताला प्लास्टिकच्या पिशवीसारखा लागणारा. पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या टेबलावर शेजारच्या मुलाने अगदी प्रेमाने विचारलं, "कुठल्या टीमचा गं हा?" तो मफलर नंतर सायकलचं सीट पुसायला उत्तम गेला.

उभे पट्टे कळले की मग रंग. केंब्रिजमधले थोडे सांगते. किंग्जचा जांभळा आणि पांढरा, क्राइस्ट्सचा तपकिरी आणि पांढरा, क्लेअरचा काळा आणि पिवळा, एमॅन्युएलचा गडद निळा आणि गुलाबी, मॅग्डलेनचा (तिकडे 'मॉडलिन' म्हणतात, लाजायचं कारण नाही, सगळेच आधी चुकतात) गडद निळसर जांभळा आणि लव्हेंडर. चर्चिलचा चॉकलेटी आणि गुलाबी आहे. तो ऐकायला विचित्र वाटतो, पण करड्या आभाळाखाली फार गोड दिसतो. फिट्झविल्यमचा करडा आणि मरून. जयंत नारळीकर आधी या फिट्झविल्यमचे विद्यार्थी होते आणि पुढे किंग्जचे फेलो.

नुसते रंग जुळले म्हणून मात्र खरेदी करू नका. रंग मोजकेच आणि कॉलेजं ढीगभर, त्यामुळे तेच ते रंग पुन्हा पुन्हा येतात. केंब्रिजच्या जीझस कॉलेजचे लाल-काळे, तसे ऑक्सफर्डच्या समरव्हिलचेही लाल-काळे. जीझसमध्ये चिंतामणराव देशमुख शिकले. समरव्हिलमध्ये १८८९ साली गेल्या त्या नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी. फरक असतो तो पट्टे किती, किती रुंद आणि कोणत्या क्रमाने, यात. पैठणीचा काठ पाहून जाणकार बायका जशा बोलतात, तसे तिथले जुने लोक पट्ट्यांवर बोलतात. तुम्हाला एवढं कळायची गरज नाही. कॉलेजच्या संकेतस्थळावरचं चित्र मोबाईलमध्ये ठेवा आणि दुकानात ताडून पाहा.

तिसरं काम: थांबा

केंब्रिजचं सत्र ऑक्टोबरच्या सुरुवातीला लागतं. तेव्हा थंडी बोचरी नसते, मफलरवाचून कोणी आजारी पडत नाही. पहिले दोन आठवडे काहीही विकत घेऊ नका. एक तर नवागतांच्या जत्रेत आणि कॉलेजच्या विद्यार्थी संघाकडे कधी कधी स्वस्तात मिळतो. दुसरं म्हणजे, जून-जुलैत पदवी घेऊन गेलेली मंडळी जाताना सामान टाकून जातात आणि ते परोपकारी संस्थांच्या दुकानांत जाऊन पोचतं. केंब्रिजमध्ये बर्ले स्ट्रीट आणि मिल रोडवर अशी दुकानं आहेत. तिथे तुमच्याच कॉलेजचा निघाला तर नशीब, पण मैत्रिणीच्या कॉलेजचा तरी निघतोच. जुना मफलर वाईट नसतो, उलट त्याची लोकर मऊ झालेली असते.

नवाच हवा असेल तर गावातलं जुनं दुकान गाठा. केंब्रिजमध्ये किंग्ज परेडवर रायडर अँड एमीज आहे, १८६४ पासूनचं. विद्यापीठाच्या संघांत कोणाची निवड झाली याच्या याद्या या दुकानाच्या काचेत लावायची जुनी रीत होती. म्हणजे क्रिकेटमध्ये आपला नंबर लागला का हे पाहायला पोरं कपड्यांच्या दुकानासमोर घुटमळत. ऑक्सफर्डला हाय स्ट्रीटवर शेफर्ड अँड वुडवर्ड. अशा दुकानांत कॉलेजचं नाव सांगितलं की मागच्या खणातून बरोबर घडी निघते. त्याच रस्त्यांवर पर्यटकांची दुकानंही आहेत. तिथे दारातच विद्यापीठाचं नाव मोठ्या अक्षरात लिहिलेले मफलर टांगलेले असतात, शेजारी चित्रपटातल्या जादूच्या शाळेचेही. ते मावसभावंडांना न्यायला ठीक. ज्याचा त्याचा कॉलेजचा मफलर बहुधा बोलत नाही, त्यावर नाव नसतं. ज्याला ओळखायचं तो ओळखतो.

किंमत लोकरीच्या मफलरची साधारण तीस ते पन्नास पाउंडांच्या दरम्यान धरा. रुपयांत गुणाकार कराल तर आईला सांगता येणार नाही. माझ्या आजीने ऐकलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "एवढ्यात दोन स्वेटरची लोकर आली असती की गं!" आली असती. पण विणून कोण देणार होतं?

हाताने पारखणं

चांगल्या मफलरचं कापड विणलेलं स्वेटरसारखं नसतं. दाट, जरा जाडसर, कोटाच्या फ्लॅनेलच्या जातीचं असतं. वेगवेगळ्या रंगांच्या लांब पट्ट्या कापून एकमेकींना उभ्या शिवणीने जोडलेल्या असतात. म्हणून बोट फिरवा: रंग बदलतो तिथे शिवण लागली पाहिजे. बोट गुळगुळीत पुढे गेलं तर रंग छापलेला आहे. शिवण ओढून पाहा, टाके विरळ असतील तर एका हिवाळ्यात पट्टे सुटायला लागतात. उलटी बाजू पाहा, तिथेही रंग तेवढाच पक्का हवा.

लेबल वाचा. शंभर टक्के लोकर असेल तर ते अभिमानाने लिहितात. अ‍ॅक्रिलिक असेल तर तेही कुठेतरी बारीक अक्षरात असतं. अ‍ॅक्रिलिक टाकाऊ नाही. धुवायला सोपा, स्वस्त, आणि ज्यांना लोकर टोचते त्यांना तोच बरा. पण पाऊस आणि वारा एकत्र आला की फरक कळतो: लोकर ओलसर झाली तरी ऊब धरते, अ‍ॅक्रिलिक धरत नाही. आणि तिथे पाऊस-वारा वेगवेगळे येतच नाहीत.

जुन्या मफलरवर लेबल उरलेलं नसतं. मग आपली घरगुती परीक्षा: टोकाचा एक धागा काढून पेटवायचा. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. अ‍ॅक्रिलिक वितळून त्याचा टणक मणी होतो. ही परीक्षा उघड्यावर करा. वसतिगृहाच्या खोलीत केलीत तर धुराचा भोंगा वाजेल, सगळी इमारत रात्री अकरा वाजता पायजम्यात बाहेर येईल आणि तुमचं नाव वर्षभर लक्षात राहील. फोडणीनेही हेच होतं, तो वेगळा लेख.

गुंडाळायचा कसा

हे शब्दांत सांगणं अवघड, तरी सांगते. पहिली पद्धत साधी. मफलरची लांबीने दुहेरी घडी घाला म्हणजे रुंदी निम्मी होते. मानेमागून पुढे घ्या, एक टोक दुसऱ्यापेक्षा हातभर लांब ठेवा, आणि लांब टोक एकदा गळ्याभोवती फिरवून पुढे सोडा. बस. कोटाच्या आत दोन्ही टोकं खोचली की छातीला वारा लागत नाही.

दुसरी पद्धत जोराच्या थंडीची. मफलरची लांबी निम्मी होईल अशी घडी घाला. एका बाजूला बंद टोकाचा फास तयार होतो, दुसऱ्या बाजूला दोन सुटी टोकं. मानेमागून घेऊन सुटी टोकं फासातून ओवा आणि गळ्याशी सरकवा. पट्टे दिसावेत अशी हौस असेल तर फासाचा पीळ सोडवून सरळ करा. कॉलेजचे जुने लोक मात्र काहीच करत नाहीत, नुसता खांद्यावर टाकतात, आपल्या काकांच्या खांद्यावर उपरणं असतं तसा. तो ऐटीचा भाग आहे, थंडीशी त्याचा संबंध नाही.

कान झाकायची सवय असेल तर मफलरने झाकू नका, तो सारखा घसरतो. कानटोपी बरोबर न्या. हो, माकडटोपीसुद्धा. जानेवारीत सकाळी सायकलवरून लेक्चरला जाताना कोणी हसत नाही.

सायकलचं निघालंच आहे तर हे गांभीर्याने घ्या. केंब्रिज सायकलींचं गाव आहे आणि सहा फुटी मफलरचं टोक चाकात जायला एक क्षण पुरतो. आपल्याकडे ओढणी चाकात जाऊन झालेले अपघात सगळ्यांना माहीत आहेत. नर्तकी इझाडोरा डंकन १९२७ मध्ये फ्रान्समधल्या नीस शहरात अशीच गेली, उघड्या मोटारीच्या चाकात गळ्यातला स्कार्फ अडकून. सायकलवर बसण्याआधी दोन्ही टोकं कोटात, आणि कोटाची चेन वरपर्यंत. प्रयोगशाळेत शिरतानाही मफलर बाहेर काढून ठेवायचा: बर्नर, ड्रिल, लेथ, कशाजवळही लोंबतं कापड नको.

कुठे घालायचा नाही

सामन्याला, नदीकाठी, ग्रंथालयात, बाजारात, रेल्वेत बिनधास्त घाला. परगावच्या स्टेशनवर कोणीतरी अनोळखी म्हातारे गृहस्थ तुमचे पट्टे पाहून "कुठल्या वर्षीचे?" असं विचारतील, तेव्हा चहाचा कप हातात असू द्या, गोष्ट लांबते. पण पदवीदानाच्या दिवशी केंब्रिजच्या सीनेट हाउसमध्ये तो पिशवीत राहू द्या. तिथे मोज्यांचा रंगसुद्धा तपासतात. गाऊन घालून होणाऱ्या कॉलेजच्या औपचारिक जेवणालाही तो बाहेर अडकवून जा. दुसऱ्या कॉलेजचा मफलर घालावा का? मित्राने थंडीत उसना दिला तर घाला. फक्त सामन्याच्या दिवशी समोरच्या संघाचा नसला म्हणजे झालं.

जपणं

मशीनमध्ये टाकू नका. गरम पाणी आणि घुसळण मिळाली की लोकर आटते, नमदा होते, आणि सहा फुटी मफलर पोराच्या गळ्यापुरता उरतो. शिवाय यात गडद आणि फिके पट्टे शेजारी-शेजारी असतात. जांभळा रंग पांढऱ्यात उतरला की किंग्जचा मफलर कोणाचाच राहत नाही. खरं तर तो फार धुवावाच लागत नाही. रात्री खिडकीशी पसरून वारा द्या, डाग पडला तर तेवढाच भाग गार पाण्याने टिपा. वर्षातून एकदा ड्रायक्लीन पुरे. घरी धुवायचाच असेल तर गार पाणी, लोकरीचा सौम्य साबण, पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि आडवा पसरून सावलीत वाळवायचा. दोरीवर लटकवलात तर ओल्या वजनाने लांब होतो. रेडिएटरवर ठेवायचा मोह होईल, ठेवू नका.

खरा शत्रू कसर. ती इंग्लंडातल्या जुन्या घरांच्या कपाटांतही आहे आणि आपल्याकडे तर आहेच. बारीक भोकं दिसली की मफलर पिशवीत बंद करून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवा, अळ्या आणि अंडी मरतात. घरातल्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर मटारच्या पाकिटांत काय निघालं म्हणून आरडाओरडा होतो.

परत आल्यावर तो घालायची संधी फार येत नाही. पुण्यात डिसेंबर-जानेवारीतल्या पाच-दहा पहाटा, महाबळेश्वरची एखादी सहल, रात्रीच्या एसी बसचा प्रवास. मुंबईकरांना तेवढंही नाही. म्हणून ठेवायचा नीट. आधी स्वच्छ करून, कारण कसर घामाच्या आणि खाण्याच्या डागांकडे आधी येते. सुती पंचात किंवा जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये नको, पावसाळ्यात आत बुरशी धरते. घडीत वेखंडाचे तुकडे किंवा वाळलेला कडुनिंबाचा पाला ठेवा. डांबरगोळ्या चालतात, पण तो वास पुढच्या थंडीपर्यंत जात नाही. पावसाळा संपून ऊन कडक झालं, दसऱ्याच्या आसपास, की बाहेर काढून झटका, तासभर वारा द्या आणि घडी दुसऱ्या ठिकाणी मोडून परत ठेवा. एकाच घडीवर वर्षानुवर्षं राहिला की तिथेच विरतो. आणि इथल्या ड्रायक्लीनरकडे देताना पावतीवर 'लोकर, इस्त्री नको' असं त्याच्याकडून लिहून घ्या. माझा दुसरा, खरा मफलर एकदा तिथून छान चकाकी आलेला, कडक इस्त्रीचा परत आला होता, अगदी पोलीस पट्ट्यासारखा.